वाळूत घर करणारा घोडतोंड्या

नदीतले मासे पाण्यात राहतात, हे सांगण्यासाठी कोणत्याही शास्त्रज्ञाची गरज नाही. परंतु आग्नेय आशियातील मोठ्या नद्यांमध्ये माशांचा एक छोटासा वंश असा आहे, की त्याचे वास्तव्य पाण्यापेक्षा पाण्याखालच्या वाळूत अधिक असते. जरा चाहूल लागली की हा मासा तोंड खाली करून वाळूत सूर मारतो आणि क्षणार्धात दिसेनासा होतो. उरतात ते केवळ दोन डोळे, तेही नीट निरखून पाहणाऱ्यालाच दिसावेत असे. बाकी अंग वाळूच्या थराखाली निश्चल पडून राहते. इंग्रजीत या माशाला 'हॉर्सफेस लोच' म्हणतात. त्याचा लांबुळका, पुढे ओढल्यासारखा चेहरा पाहिल्यावर मराठीत त्याला घोडतोंड्या म्हणायला हरकत नसावी. शास्त्रीय परिभाषेत या वंशाचे नाव आहे 'अकँटॉप्सिस'.

म्यानमार, थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम, मलेशिया आणि इंडोनेशियातील सुमात्रा, जावा, बोर्निओ ही बेटे हा या वंशाचा मुलूख. इरावती, साल्वीन, चाओ फ्राया आणि मेकाँग या या भागातल्या मोठ्या नद्या. बांधकामासाठी वाळूचा प्रचंड उपसा आणि वरच्या अंगाला बांधलेली धरणे यांमुळे, विशेषतः मेकाँगच्या पात्रातील वाळूचे गणित गेल्या काही दशकांत पार बदलून गेले आहे. वाळूतच ज्याचे घर, त्या माशाची गोष्ट म्हणूनच केवळ प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरती उरलेली नाही.

गाळणी लावलेले तोंड

'लोच' हे माशांच्या एका मोठ्या गटाचे नाव आहे. युरोप आणि आशियातील गोड्या पाण्यात या गटाच्या एक हजाराहून अधिक जाती आहेत. बहुतेक सगळे आकाराने लहान, अंगाने निमुळते, तोंडाभोवती मिशा असलेले आणि तळाशी राहणारे. वंशावळीच्या दृष्टीने ते रोहू, कटला, महसीर यांचे दूरचे भाऊबंद होत. महाराष्ट्रातील ओढ्या-नद्यांमध्ये गोट्यांच्या आडोशाला किंवा वाळूत सापडणारे 'मुरे' किंवा 'मुऱ्या' हेही याच गोतावळ्यातले. अकँटॉप्सिस हा त्यातल्या 'कोबिटिडी' कुलाचा एक वंश. (वंश म्हणजे एकमेकींच्या जवळच्या जातींचा समूह. एका वंशात अनेक जाती असतात, हे पुढील मजकुरासाठी ध्यानात ठेवलेले बरे.)

वाळूत राहायचे तर शरीर त्या बेताचे हवे. घोडतोंड्याचे शरीर लांबट, काठीसारखे असते. काही जाती बोटभर लांबीच्या, तर मोठ्यात मोठा मासा साधारण वीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो. रंग फिकट पिवळसर-तपकिरी, म्हणजे थेट वाळूचा. पाठीवर आणि कुशीला गडद ठिपक्यांच्या ओळी असतात, त्यामुळे उघड्यावर बसलेला मासाही वाळूवर पडलेल्या सावलीसारखा दिसतो. डोळे डोक्याच्या वरच्या अंगाला आणि तोंड मात्र खालच्या अंगाला. वाळूखाली दडून वर पाहता यावे आणि खाली चरता यावे, असा हा दुहेरी बंदोबस्त आहे.

पाण्यात तरंगण्यासाठी बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते. लोच माशांमध्ये या पिशवीचा मागचा भाग अगदी लहान झालेला असतो, आणि पुढचा भाग हाडाच्या डबीत बंद केलेला असतो. तिचा उपयोग तरंगण्यासाठी फारसा उरत नाही. ऐकण्याच्या कामी मात्र ती येते, कारण कानापर्यंत जाणाऱ्या सूक्ष्म हाडांच्या साखळीशी ती जोडलेली असते. तरंगता येत नाही ही तळाशी राहणाऱ्या माशाची उणीव नव्हे, सोय आहे. पोहणे थांबवले की तो आपोआप खाली बसतो. वाहत्या पाण्यात जागा धरून राहायला वेगळी शक्ती खर्चावी लागत नाही.

या माशाची खाण्याची रीत मोठी पाहण्यासारखी आहे. लांबट मुस्कट वाळूत खुपसून तो तोंडभर वाळू घेतो, तोंडातल्या तोंडात ती घोळवतो आणि कल्ल्यांच्या फटींतून बाहेर सोडून देतो. मागे उरतात ते कीटकांच्या अळ्या, सूक्ष्म कवचधारी जीव आणि सेंद्रिय कण. घरात सुपाने धान्य पाखडावे तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की येथे कोंड्याच्या जागी वाळू आहे आणि सुपाच्या जागी तोंड. तोंडाभोवतीच्या मिशांच्या तीन जोड्या चव आणि स्पर्श दोन्ही जाणतात. त्यामुळे अंधारात किंवा गढूळ पाण्यातही कोठे तोंड घालायचे याचा अंदाज त्याला येतो.

येथे वाळूचा बारीकपणा कळीचा ठरतो. भूशास्त्राच्या मोजमापात दोन मिलिमीटरपेक्षा मोठा कण वाळूत मोडत नाही, तो खडी किंवा गोटा ठरतो. मिलिमीटरच्या सोळाव्या भागापेक्षा लहान कण गाळात जमा होतो. घोडतोंड्याचे सारे आयुष्य या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात आहे. खडी तोंडात मावत नाही, तिच्यात अंगही शिरत नाही. गाळ असेल तर कल्ले बुजण्याची भीती, शिवाय गाळाच्या कणांमध्ये प्राणवायू घेऊन येणारे पाणी खेळत नाही. वाळूच्या कणांमध्ये मात्र पाणी वाहते राहते. म्हणूनच मासा तिच्याखाली पडून राहू शकतो. वरवर निर्जीव भासणारी ही वाळू म्हणजे त्याच्यासाठी घर, कोठार आणि लपण सारे एकाच ठिकाणी.

डोळ्याखालचा काटा

अकँटॉप्सिस या ग्रीक धाटणीच्या नावाचा पहिला भाग 'काटा' या अर्थाचा आहे. डोळ्याच्या खाली-पुढे कातडीच्या खाचेत दडवलेला एक दुटोकी काटा हे या कुलातील माशांचे वैशिष्ट्य होय. एरवी तो दिसतही नाही. संकट आले, की मासा तो उभा करतो आणि जागच्या जागी अडकवून ठेवतो. बगळ्याने चोचीत पकडलेला किंवा मोठ्या माशाने तोंडात घेतलेला घोडतोंड्या हा काटा रोवून गिळणाऱ्याला पुनर्विचार करायला लावतो. मत्स्यालयाचा छंद असणाऱ्यांना या काट्याची ओळख वेगळ्या प्रकारे होते. जाळीने मासा उचलू जावे तर काटा जाळीत असा गुंततो, की सोडवताना माशालाच इजा होते. या माशांना जाळीऐवजी भांड्याने उचलावे, असे अनुभवी छंदिष्ट सांगतात ते याचसाठी.

छंदिष्टांच्या जगात हा मासा जुना आहे. त्याला पाळायचे तर टाकीच्या तळाशी बारीक, मऊ वाळू हवी. रंगीत खडी घालून सजवलेल्या टाकीत त्याची आबाळ होते. मुस्कट खुपसून खुपसून ओठ आणि मिशा सोलवटतात, लपता न आल्याने तो सतत बिथरलेला राहतो. वाळू घातली तर दुसरी पंचाईत. मासा दिवसाचा बराचसा वेळ तिच्याखाली गडप, आणि हौसेने लावलेली पाणवनस्पतींची रोपे दुसऱ्या दिवशी मुळासकट तरंगताना दिसतात. दुकानात बोटभर दिसणारा हा मासा मोठ्या टाकीचा धनी आहे, ही गोष्ट विकणारे सहसा सांगत नाहीत.

दोन तरुण आणि एक पत्र

या वंशाची शास्त्राला ओळख झाली ती जावा बेटावर, आणि त्या ओळखीमागची कहाणी चटका लावणारी आहे. डच राजवटीने १८२० मध्ये पूर्वेकडील आपल्या वसाहतींच्या निसर्गाचा अभ्यास करण्यासाठी एक आयोग नेमला. हाइनरिश कूल आणि योहान कोनराड व्हान हासेल्ट या दोन जिवलग मित्रांना त्यासाठी पाठवण्यात आले. दोघेही विशीतले. डिसेंबर १८२० मध्ये ते जावात पोहोचले आणि झपाटल्यासारखे कामाला लागले. सप्टेंबर १८२१ मध्ये, म्हणजे वर्षही पुरते उलटले नसताना, कूलचा मृत्यू झाला. वय अवघे २३. मित्राच्या मागे व्हान हासेल्टने आणखी दोन वर्षे एकट्याने काम रेटले आणि सप्टेंबर १८२३ मध्ये तोही गेला. उष्ण कटिबंधातील हवामान आणि आजार यांपुढे त्या काळी युरोपातून आलेल्यांचा टिकाव लागणे कठीणच होते. आजच्या बोगोर येथील वनस्पती उद्यानात दोघांचे एकत्र स्मारक आहे.

तेवढ्या अल्पावधीत या दोघांनी लायडनच्या संग्रहालयाकडे हजारो नमुने रवाना केले, त्यांत मासेच सुमारे १,४०० होते. व्हान हासेल्टने जावाच्या माशांविषयी मायदेशी लिहिलेली पत्रे १८२३ मध्ये एका डच नियतकालिकात छापली गेली. त्यांतूनच 'अकँटॉप्सिस' हा वंश आणि 'अकँटॉप्सिस डायलुझोना' ही त्याची पहिली जाती शास्त्रीय साहित्यात दाखल झाली. पत्र लिहिणारा त्याच वर्षी जग सोडून गेला. नाव मात्र दोनशे वर्षांनंतरही टिकून आहे.

पुढे पीटर ब्लीकर या डच लष्करी डॉक्टरने इंडोनेशियाच्या माशांचा अफाट अभ्यास केला. त्याला हा चेहरा घोड्याचा न वाटता डुकराचा वाटला असावा, कारण १८५४ मध्ये त्याने एका नमुन्याला दिलेल्या 'कोइरोऱ्हिंकोस' या नावाचा अर्थच 'डुकराच्या मुस्कटाचा' असा होतो. पाठोपाठ १८६० मध्ये कोलकात्यातील एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ यांनी ब्रह्मदेशाच्या तेनासरीम प्रांतातून आलेल्या माशांची तपासणी करताना आणखी एका जातीचे वर्णन केले. तिचे आजचे नाव 'अकँटॉप्सिस स्पेक्टॅबिलिस'. या वंशाच्या अभ्यासाचा एक धागा असा कोलकात्यातूनही गेला आहे.

पाश्चात्त्यांना घोडा आणि डुक्कर आठवले, तर ज्यांच्या ताटात हा मासा रोज पडतो त्यांना भलतेच काही आठवले. थायलंडमध्ये त्याला 'प्ला राक क्लुआय' म्हणतात. प्ला म्हणजे मासा, राक म्हणजे मूळ आणि क्लुआय म्हणजे केळ. केळीच्या मुळासारखा दिसणारा मासा! शेजारच्या कंबोडियातील ख्मेर भाषेतले 'त्रेय रुस चेक' हे नावही शब्दशः हेच सांगते. केळीचा खुंट उपटून ज्यांनी त्याची मळकट, लांबट, जाड दोऱ्यासारखी मुळे पाहिली आहेत, त्यांना ही उपमा लगेच पटेल. कोकणातल्या वाचकांना ती वेगळी समजावून सांगायला नको. थायलंडमध्ये हे मासे लसूण घालून कुरकुरीत तळतात आणि काट्याकुट्यांसह अख्खे खातात. मांदेली खाणाऱ्याला त्यात काही नवल वाटू नये.

एक नाव, अनेक मासे

नावांचा हा पसारा निव्वळ गंमत म्हणून सोडून देता येत नाही. ब्लीकर-ब्लाइथ यांच्यानंतर शतकभर या वंशाकडे बारकाईने पाहणारे फार कोणी नव्हते. मासे एकमेकांसारखे दिसतात, ठिपके कमी-जास्त असतात, वयानुसार बदलतात. त्यामुळे म्यानमारपासून बोर्निओपर्यंत कोठेही घोडतोंडी मासा सापडला, की त्याला 'डायलुझोना' किंवा 'कोइरोऱ्हिंकोस' म्हणून मोकळे व्हायचे, असा शिरस्ता पडला. मत्स्यालयाच्या व्यापारातही तीच दोन नावे फिरत राहिली. बोर्निओत १९९१ मध्ये 'ऑक्टोअॅक्टिनोटोस', म्हणजे पाठीच्या पराला आठ शिरा असलेली, अशी वेगळी जाती नोंदवली गेली. तरीही एकूण चित्र धूसरच होते.

अमेरिकन आणि थाई संशोधकांच्या एका गटाने संग्रहालयांतील जुने नमुने आणि नद्यांतून नव्याने पकडलेले मासे यांची तुलना करून २०१७ मध्ये या वंशाची फेरमांडणी प्रसिद्ध केली. कुशीवरील ठिपक्यांची संख्या आणि आकार, पाठीवरील नक्षी, मुस्कटाची लांबी, परांच्या शिरा अशा खुणांबरोबर जनुकीय पुरावाही तपासण्यात आला. त्यातून 'डायनेमा', 'आयोआ' आणि 'रुंगथिपे' या तीन नव्या जाती उघड झाल्या. ब्लीकरचे डुकराच्या मुस्कटाचे नाव मात्र 'डायलुझोना'चेच दुसरे नाव ठरून निकालात निघाले. गेली कित्येक दशके पाटीवर हे नाव लिहून दुकानांत विकले गेलेले मासे नेमके कोणत्या जातीचे होते, हा प्रश्न त्यामुळे मागे उरलाच.

नावांच्या या दुरुस्तीचा व्यवहारात उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग आहे, आणि तो संरक्षणाच्या कामात आहे. म्यानमारपासून बोर्निओपर्यंत एकच जाती पसरली आहे असे धरले, तर एखाद्या नदीतून ती नाहीशी झाली तरी चिंतेचे कारण दिसत नाही. इतरत्र ती मुबलक आहेच, असा निष्कर्ष निघतो आणि यादीत तिच्यापुढे 'धोका नाही' असा शेरा पडतो. परंतु तो एक मासा नसून अनेक जाती आहेत आणि प्रत्येकीचा वावर मोजक्या नदीखोऱ्यांपुरता आहे, असे कळले की हिशेब बदलतो. एका खोऱ्यातील नुकसान मग एका जातीचे सर्वस्व ठरू शकते. जे निराळे म्हणून ओळखलेच गेले नाही, ते हरवल्याची नोंद कोणी करत नाही.

मेकाँगची वाळू कोठे जाते?

आता वाळूकडे वळू. चीनच्या पठारावर उगम पावून सहा देशांतून वाहणारी मेकाँग सव्वाचार हजार किलोमीटरहून अधिक लांब आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अहवालात तिच्या खोऱ्यातील माशांच्या १,१४८ जातींची नोंद आहे. एके काळी ही नदी दरवर्षी सुमारे १६ कोटी टन गाळ आणि वाळू समुद्राकडे वाहून नेत असे. चीनने १९९३ पासून वरच्या पात्रात मानवान, शियाओवान, नुओझादू अशी एकामागून एक धरणे उभारली, तेव्हापासून हे प्रमाण मोठ्या प्रमाणात घसरत गेले. लाओसमधील झायाबुरी हे खालच्या मेकाँगच्या मुख्य प्रवाहावरचे पहिले धरण ऑक्टोबर २०१९ मध्ये पूर्णपणे कार्यान्वित झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस थायलंडच्या नाखोन फानोम परिसरात एरवी तांबूस-तपकिरी असणारे मेकाँगचे पाणी चक्क निळेशार दिसू लागले. पर्यटकांनी छायाचित्रे काढली, तर नदीचे अभ्यासक धास्तावले. निळे पाणी याचा अर्थ, नदीच्या अंगावर वाहून न्यायला काही उरलेले नव्हते. अशा 'भुकेल्या' पाण्याची ताकद मग स्वतःचेच काठ आणि तळ खरवडण्यात खर्ची पडते.

धरणे वरून येणारी वाळू अडवतात. खाली जी आहे, ती उपसली जाते. लाओस, थायलंड, कंबोडिया आणि व्हिएतनाम या चार देशांत २०११ या एका वर्षात मेकाँगच्या पात्रातून सुमारे ३ कोटी ४० लाख घनमीटर वाळू, खडी आणि गोटे काढले गेले, असे एका पाहणीत आढळले. त्यातील निम्म्याहून अधिक वाटा कंबोडियाचा होता. 'नेचर सस्टेनेबिलिटी' या नियतकालिकात २०२० मध्ये आलेल्या अभ्यासाने हाच हिशेब वेगळ्या रीतीने मांडला. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात नदी वर्षाकाठी सुमारे ६२ लाख टन वाळू आणून टाकते, आणि माणूस खालच्या मेकाँगमधून सुमारे ५ कोटी टन काढतो. जमेच्या आठपट खर्च! कोणत्याही घरसंसारात असा ताळेबंद फार काळ चालत नाही.

एवढी वाळू लागते तरी कशाला? मुख्यतः काँक्रीटला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५,००० कोटी टन वाळू आणि खडी वापरली जाते. वाळवंटांत वाळूचे डोंगर पडून असताना नद्या का उपसाव्या, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. वाऱ्याने घासून घासून वाळवंटातील कण गोल आणि गुळगुळीत झालेले असतात, ते सिमेंटमध्ये एकमेकांना नीट धरत नाहीत. नदीच्या वाळूचे कण कोनदार असतात, म्हणून बांधकामाला तीच हवी. समुद्राची वाळू वापरायची तर आधी तिच्यातील मीठ धुवावे लागते. बांधकाम व्यवसायाला जी प्रतवारी हवी असते, त्याच प्रतवारीत घोडतोंड्याचे बिऱ्हाड असते, हा योगायोग या माशाला महागात पडणारा आहे.

पात्रात ड्रेजर फिरला म्हणजे काय होते, हे माशाच्या बाजूने पाहिले तर चित्र स्पष्ट होते. वाळूचा वरचा थर, म्हणजे ज्यात तो दडतो आणि ज्यातल्या अळ्यांवर जगतो, तोच आधी जातो. मागे एक तर खोल खड्डे राहतात, किंवा चिकणमाती आणि गोटे उघडे पडतात. ढवळलेला गाळ प्रवाहाबरोबर खाली जाऊन शाबूत असलेल्या वाळूच्या फटी बुजवतो. पाण्यात मुक्तपणे पोहणारा मासा थोडा वेळ बाजूला सरकून परत येऊ शकतो. ज्याला परतायला तळच शिल्लक नाही, त्याने काय करावे?

माणसांनाही याची झळ बसली आहे. तळ खोल गेला की काठांचा आधार सुटतो. व्हिएतनामच्या आन यांग प्रांतात एप्रिल २०१७ मध्ये व्हाम नाव नदीचा काठ कोसळून काठावरची घरे पाण्यात गेली. त्रिभुज प्रदेशात अशा घटना आता नव्या राहिलेल्या नाहीत. तळ खाली गेल्याने समुद्राचे खारे पाणी नदीत अधिक आतपर्यंत शिरते आणि भातशेतीचे नुकसान होते. कंबोडियाने २०१७ मध्ये वाळूच्या निर्यातीवर बंदी घातली. देशांतर्गत बांधकामासाठी होणाऱ्या उपशाला मात्र ती बंदी लागू नव्हती. नॉम पेन्हच्या परिसरातील तळी आणि पाणथळ जागा भरून त्यांवर वसाहती उभ्या राहिल्या, त्या भरावासाठी लागलेली वाळूही नदीचीच.

दख्खनचा 'मुरे'

मेकाँग दूर असली तरी लोच मासे दूरचे नाहीत. मुंबई इलाख्याच्या सेवेत असलेले विल्यम हेन्री साइक्स हे लष्करी अधिकारी दख्खनच्या मुलखाची पाहणी करत हिंडले आणि १८३९ मध्ये त्यांनी या भागातील माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांची एक सवय मराठी वाचकाने आवर्जून दखल घ्यावी अशी आहे. लॅटिन-ग्रीक शब्द जुळवत बसण्याऐवजी त्यांनी अनेक माशांना स्थानिक नावेच शास्त्रीय नावे म्हणून देऊन टाकली. त्यामुळे नदीकाठच्या कोळ्या-भोयांच्या तोंडचे 'मुरे' हे नाव 'मूरेह' या रूपात आजही 'पॅराकँथोकोबिटिस मूरेह' या लोच माशाच्या नावात टिकून आहे. 'मळ्या' माशाचेही तसेच, त्याचे नाव 'गारा मुल्या'. पुण्याच्या परिसरातून फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये वर्णन केलेला आणखी एक छोटा लोच एव्हेझार्ड नावाच्या लष्करी अधिकाऱ्याच्या नावाने ओळखला जातो. कृष्णेच्या खोऱ्यात, सह्याद्रीच्या ओढ्यांत राहणाऱ्या 'बोटिया स्ट्रायाटा' या पट्टेरी लोचला मत्स्यालयाच्या बाजारात मोठी मागणी आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०११ च्या सुमारास पश्चिम घाटातील माशांचा आढावा घेतला, तेव्हा त्याची गणना संकटग्रस्त जातींमध्ये करण्यात आली.

यातले काही गोट्यांचे रहिवासी आहेत, काही वाळूचे. भीमा, गोदावरी, तापी यांच्या पात्रांत वाळूचा उपसा कसा चालतो, हे महाराष्ट्रातील वृत्तपत्र वाचणाऱ्याला नव्याने सांगण्याची गरज नाही. लिलाव, ठेके, रात्रीचे ट्रक आणि महसूल कर्मचाऱ्यांवरील हल्ले यांच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये दीपक कुमार विरुद्ध हरियाणा सरकार या प्रकरणात पाच हेक्टरांपेक्षा लहान क्षेत्रातील वाळू उपशालाही पर्यावरणीय परवानगी बंधनकारक केली. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१६ मध्ये वाळू उपशासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. पुढे २०२० मध्ये देखरेखीचे नियम आले. पावसाळ्यात नदी किती वाळू परत आणून टाकते, हे आधी मोजावे आणि त्यावरून उपशाची मर्यादा ठरवावी, अशी त्यांत अपेक्षा आहे. त्यासाठी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पात्राची पातळी मोजली जाते आणि दोहोंतला फरक घनमीटरमध्ये मांडला जातो. त्या वाळूत कोण राहते, यासाठी या मोजणीच्या तक्त्यात रकाना नाही.